साइतोनं पुस्तकानं मारलं आणि आई ओरडली

मँचेस्टरला येऊन मला नऊ वर्षं झाली. आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवतात. तिकीट तीन पौंड, मध्यंतरात चहा आणि कुणीतरी घरून करून आणलेला केक. प्रेक्षक बहुतेक सत्तरीच्या पुढचे. काळ्या केसांचा तिथे मी एकटाच, तेही डाय लावून.

फेब्रुवारीत त्यांनी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ लावला होता. डेव्हिड लीनचा १९५७ चा सिनेमा, सात ऑस्कर मिळालेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडलेले ब्रिटिश सैनिक थायलंडच्या जंगलात रेल्वेचा पूल बांधतात, त्याची गोष्ट. मी तो आधी तुकड्यातुकड्यांत पाहिला होता. सलग पाहिला तो तिथेच, आणि त्यातला एक सामना डोक्यातून जाईना.

छावणीचा प्रमुख कर्नल साइतो फर्मान काढतो की कामाला सगळे जातील, अधिकारीसुद्धा. ब्रिटिश कर्नल निकल्सन शांतपणे जिनिव्हा कराराची प्रत बाहेर काढतो. कलम २७ प्रमाणे युद्धकैदी अधिकाऱ्यांना मजुरीला जुंपता येत नाही. साइतो ते पुस्तक घेतो आणि त्याच पुस्तकानं निकल्सनच्या तोंडावर मारतो. म्हणतो, मला नियम सांगू नकोस, हे युद्ध आहे, क्रिकेट नव्हे. शिपाई कामाला जातात, अधिकारी जागचे हलत नाहीत. समोर ट्रक, त्यावर मशीनगन. साइतो तीनपर्यंत मोजायला लागतो. तेवढ्यात आजाऱ्यांच्या झोपडीतून डॉक्टर धावत येतो आणि सांगतो की हे सगळं बघणारे साक्षीदार आहेत. गोळ्या सुटत नाहीत. अधिकारी दिवसभर उन्हात उभे राहतात आणि निकल्सनची रवानगी पत्र्याच्या खुराड्यात होते.

हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. इंग्रज माणूस सिनेमा बघताना बोलत नाही, खोकला आला तरी माफी मागतो. पण माझ्या शेजारचे आजोबा त्या दहा मिनिटांत खुर्चीत हळूहळू ताठ होत गेले. पुढे निकल्सन खुराड्यातून सुटतो आणि सैनिक जल्लोष करतात, तिथे मागून एकानं टाळ्या वाजवल्या, मग एकटाच आहोत असं लक्षात आल्यावर थांबवल्या.

मध्यंतरात चहा ओतणाऱ्या बाई म्हणाल्या, “माझे वडील त्या रेल्वेवर होते. हा सिनेमा टीव्हीवर लागला की ते उठून बागेत जायचे.” त्यांचा राग साइतोवर नव्हता, निकल्सनवर होता. शत्रूला झकास पूल बांधून देणारा असला कर्नल तिथे नव्हताच, असं वडील म्हणायचे. बाईंचं खरं आहे. तिथल्या कैद्यांचे खरे वरिष्ठ अधिकारी होते फिलिप टूसी. त्यांची माणसं जमेल तिथे काम बिघडवायची, पुलाच्या लाकडात मुद्दाम वाळवी सोडायची. साइतो नावाचा माणूसही तिथे होता, पण कर्नल नव्हता, आणि युद्धानंतर त्याच्या बाजूनं चार शब्द बोलले ते टूसीच. गंमत नदीची. खरा पूल ज्या नदीवर होता तिचं नाव मे क्लोंग. सिनेमा बघून लोक ‘क्वाय’ शोधत यायला लागले, तेव्हा थायलंडनं १९६० च्या दशकात नदीच्या त्या भागाचं नावच बदलून टाकलं.

मे महिन्यात सोलापूरला आलो. सोलापूरचा मे म्हणजे काय, हे मी मँचेस्टरच्या लोकांना सांगायचं सोडून दिलंय, त्यांना वाटतं मी वाढवून सांगतो. रात्री जेवणं झाली, अंगणात पाणी मारलं, आणि मी सिनेमा लावला. प्रेक्षक चारच. अप्पा, मिलमध्ये माग चालवण्यात हयात गेलेले. आई. शेजारचे अण्णा, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, घरात चार यंत्रमाग, टॉवेल काढतात. आणि शाळेपासूनचा माझा मित्र, जो कुठल्याही सिनेमाला उशिराच येतो. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं, म्हणून मी दुभाष्या.

साइतोनं पुस्तक उगारलं आणि आई ओरडली, “अगं बाई! पुस्तकानं?”

मी म्हटलं, “तोंडावर मारलं त्याच्या, आई.”

“ते दिसलं की मला. हातानं मार की मेल्या! पुस्तक कशाला?”

चर्चच्या हॉलमध्ये चाळीस माणसांनी तो प्रसंग पाहिला, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल. लहानपणी पुस्तकाला पाय लागला की आई आम्हाला ते कपाळाला लावायला सांगायची. त्या क्षणापासून साइतो तिच्यासाठी संपला. पुढे तो हरतो आणि खोलीत एकटाच रडतो. हॉलमध्ये तिथे दोघातिघींनी रुमाल काढले होते. आई म्हणाली, “रड आता,” आणि शेंगा सोलत राहिली.

मित्रानं वेगळाच मुद्दा काढला. “काय बे, समोरच्याची त्यावर सही तरी हाय का?” मी फोनवर शोधलं, तर पठ्ठ्याचा नेम बरोबर लागलेला. जपाननं १९२९ च्या त्या करारावर सही केली होती, पण पुढे मंजुरी दिलीच नाही. “बघ की. म्हणजे हा कर्नल भाडेकरूला दुसऱ्याच घराचं ॲग्रीमेंट दाखवतोय.”

अप्पा इतका वेळ गप्प होते. १९२९ ऐकून त्यांनी मान वर केली.

“म्हणजे आपल्याकडे मार्शल लॉ लावला, त्याच्या आदल्या सालचा.”

सोलापूरच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, आणि काही दिवस गावात इंग्रजांची सत्ता नावालाही उरली नाही. मग लष्करी कायदा आला. गांधी टोपी घातली म्हणून माणसं पकडली. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. अप्पांचा जन्म नंतरचा, पण टोपी सदऱ्याच्या आत लपवून मिलला जायच्या गोष्टी त्यांनी आजोबांकडून ऐकलेल्या.

“पुस्तक होतं की त्यांच्याकडं,” अप्पा म्हणाले. “आपल्याला वाचून दाखवलं नाही, एवढंच.”

मी समजवायला गेलो की अप्पा, तो करार युद्धात पकडलेल्या सैनिकांसाठी होता, आपल्याला तो लागूच नव्हता. अप्पांनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी पुढचं भाषांतर सुरू केलं.

अप्पांना निकल्सन आवडला नाही असं मात्र नाही. पत्र्याच्या खुराड्यातून बाहेर काढून साइतो त्याला जेवायला बसवतो, आणि उपाशी निकल्सन पुन्हा तेच कलम सांगतो, तिथे अप्पांनी मांडीवर थाप मारली. एकदा मिलमध्ये त्यांना माग सोडून खात्याची झाडलोट करायला सांगितलं होतं. हे माझं काम नाही, म्हणून ते हात बांधून उभे राहिले आणि तीन दिवसांचा पगार गेला. मी ही गोष्ट पन्नासदा ऐकलीय. त्या रात्री एक्कावन्नाव्यांदा ऐकली, सिनेमा पॉज करून.

पण शेवटाकडे हाच निकल्सन पूल वेळेत व्हावा म्हणून आपल्याच अधिकाऱ्यांना कामाला लावतो, आजारी माणसांना खाटेवरून उठवतो. अप्पा उखडले. “मग आधी एवढं नाटक कशाला केलंस बाबा?” मी म्हटलं, आता हुकूम त्याचा स्वतःचा आहे ना. मला वाटतं सगळा सिनेमा त्या फरकात आहे. अप्पा म्हणाले, “झाडूवर हुकूम कुणाचा ते लिहिलेलं नसतंय.” यावर आमचं जुळलं नाही, अजून जुळलेलं नाही.

अण्णा फार बोलत नाहीत. सिनेमा संपल्यावर चपला घालता घालता त्यांनी विचारलं, “एवढी रेल्वे ह्या गोऱ्यांनीच बांधली का ओ?”

नाही. बर्मा-थायलंड रेल्वे ४१५ किलोमीटरची, १९४२ ते १९४३ मध्ये बांधलेली. युद्धकैदी साठ हजारांवर होते, त्यातले बारा हजारांहून जास्त मेले. आशियाई मजूर मात्र दोन लाखांच्या आसपास, आणि मेलेले अंदाजे नव्वद हजार. बर्मी, मलय, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ, त्यांच्यासोबत तेलुगूही.

“तेलुगू?” अण्णा उंबऱ्यावर थांबले. त्यांचे आजोबा पोटासाठी मागांच्या मागं सोलापूरला आले, म्हणून अण्णा इथे आहेत. दुसरं कुणी पोटासाठीच मलायाला गेलं असेल. “त्यांचं कलम कितवं?”

कांचनाबुरीच्या दफनभूमीत युद्धकैद्यांच्या जवळपास सात हजार कबरी आहेत, एकेकाची नोंद ठेवलेली. मजुरांसाठी तसं काही नाही. मी अण्णांना तेवढंच सांगितलं. ते बराच वेळ दारातच उभे होते, मग म्हणाले, पहाटे माग लावायचेत.

जूनमध्ये परत आलो आणि हॉलमध्ये त्या चहावाल्या बाई भेटल्या. त्यांना आईचं पुस्तकाचं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, वडिलांनी रेल्वेवर एक बायबल जपून ठेवलं होतं, घरी आणलं तेव्हा त्यात अर्धीच पानं होती. मी म्हटलं, पावसात गेली असतील. “छे,” त्या म्हणाल्या, “विडी वळायला तो कागद फार चांगला. आधी वाचायचं, मग ओढायचं, असा त्यांचा नियम होता.”

हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.