दरवाजा किती इंच? – आईसाठी गुहागरला राहण्याची जागा शोधताना

तीन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला आणि तिची डावी बाजू कमकुवत राहिली. घरात ती वॉकर धरून दहा-बारा पावले चालते. त्याहून लांब जायचे असेल तर चाकाची खुर्ची लागते. कमोडवर बसताना आणि उठताना तिला उजव्या हाताने काहीतरी घट्ट धरावे लागते. एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा खटाटोप याच गोष्टींभोवती फिरला.

पहिल्या खेपेला आम्ही सपशेल फसलो. थंड हवेच्या ठिकाणचे एक बऱ्यापैकी हॉटेल होते, आरक्षणाच्या संकेतस्थळावर त्याच्या नावापुढे खुर्चीचे चिन्ह होते आणि फोनवरही "हो सर, व्हीलचेअर फ्रेंडली आहे" असे उत्तर मिळाले होते. तिथे पोहोचल्यावर कळले, की हॉटेलच्या मालकीची एक खुर्ची स्वागतकक्षात उभी होती आणि 'फ्रेंडली' या शब्दाचा त्यांच्या लेखी एवढाच अर्थ होता. खोलीपर्यंत आम्ही गेलो, पण बाथरूमचा दरवाजा २४ इंचांचा आणि आत जाण्यापूर्वी सहा इंचांचा उंबरठा निघाला. बेडपॅनवर दीड दिवस काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे लक्ष गेले, तर सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच होता. विचारल्यावर आई म्हणाली, "तहान नाही." त्याच संध्याकाळी आम्ही परत निघालो.

पुढच्या वेळी गुहागरला जायचे ठरले. व्याडेश्वर हे आईच्या माहेरचे कुलदैवत, हे एक कारण. दुसरे म्हणजे एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पश्चिमेकडच्या वाड्यांच्या मागे लगेच समुद्र, अशी त्या गावाची रचना आहे, त्यामुळे चढउतार फारसे आडवे येणार नाहीत असा माझा अंदाज होता. गाव सपाट असले तरी कोकणातले घर सपाट नसते, हे मात्र मी विसरलो होतो. जोते तीन-चार पायऱ्या उंच, मग ओटी, मग माजघर, मग पडवी आणि दर दारात एक उंबरठा. पाहुण्यांसाठी बांधलेल्या नव्या खोल्यांमध्येही हा उंबरठा सवयीने येतोच.

फोन करण्यापूर्वी मी मोजपट्टी घेऊन घरातच बसलो. खुर्चीची रुंदी चाकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २५ इंच भरली. आमच्या पलंगाची उंची १९ इंच आणि कमोडवर उंचवटा बसवल्यानंतर बैठकीची उंचीही जवळपास तेवढीच आली. सुगम्यतेविषयीच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३५ इंच, खुर्ची वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा आणि उताराचे प्रमाण १:१२ असे आकडे आहेत. यातल्या 'मोकळी' या शब्दाकडे माझे आधी लक्षच गेले नव्हते. चौकट ३० इंचांची असली तरी नव्वद अंशांतच थांबणाऱ्या फळीची जाडी त्यातून वजा होते. उताराचे गणित तर आणखी निर्दय आहे. सहा इंचांच्या एका पायरीसाठी सहा फूट उतार लागतो आणि तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट. एका ठिकाणाहून 'रॅम्प' म्हणून छायाचित्र आले, त्यात तीन पायऱ्यांवर जेमतेम पाच फुटांची फरशी तिरकी टाकलेली होती. ती सामानाच्या ट्रॉलीसाठी असावी आणि ट्रॉलीलाही ती मानवत असेल असे मला वाटत नाही.

दोन आठवड्यांत मी अकरा ठिकाणी फोन केले. सुरुवातीला मी "सोय आहे का?" असे विचारत होतो आणि सगळीकडून "हो" येत होते. त्यात लबाडी नव्हती, अगत्य होते. "फक्त दोनच पायऱ्या आहेत सर, आमची मुलं खुर्चीसकट उचलतील," असे एकाने सांगितले, तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारून म्हणाली, "मी काही गॅसचा सिलिंडर नाही." त्यानंतर ज्यांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देताच येणार नाही, असेच प्रश्न मी विचारू लागलो. गाडी जिथे थांबते तिथपासून पलंगापर्यंत, उंबरठे धरून, एकूण किती पायऱ्या आहेत? बाथरूमचे दार आत उघडते की बाहेर? लिफ्ट जमिनीपासून सुरू होते की चार पायऱ्या चढल्यावर, आणि लाइट गेल्यावर ती जनरेटरवर चालते का? 'तळमजला' म्हणजे नक्की कोणता, हेही विचारावे लागते, कारण उतारावरच्या इमारतीत गाडी एका मजल्यावर लागते आणि तळमजला भलतीकडेच असतो.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडलेली विनंती अगदी साधी होती: दाराला मोजपट्टी लावून एक छायाचित्र पाठवा आणि एक कमोडचे, ज्यात दोन्ही बाजूंच्या भिंती दिसतील. रत्नागिरीकडच्या एका मोठ्या हॉटेलात दिव्यांगांसाठी राखलेली खोली खरोखरच होती. तारांकित वर्गीकरणासाठी पर्यटन मंत्रालय अशी किमान एक खोली आणि तिला एक मीटर रुंदीचा दरवाजा मागते, त्यामुळे मोठ्या हॉटेलांना मी थेट "ती खोली कोणत्या मजल्यावर आहे?" असेच विचारत असे. या खोलीचा दरवाजा रुंद होता, आधाराचा दांडाही होता, पण तो डाव्या भिंतीवर होता आणि उजवीकडे नुसती पोकळी होती. नियमांच्या दृष्टीने ती खोली निर्दोष असेल. आमच्या दृष्टीने तो दांडा नसल्यासारखाच होता. कोणती बाजू अधू आहे हे नियमाला ठाऊक नसते, ते आपणच विचारावे लागते.

शेवटी जागा ठरली ती गुहागरच्याच 'वरचा पाट' या भागातल्या एका कुटुंबाच्या वाडीत. मालकांना मी दाराची रुंदी विचारली, तर ते "थांबा हो, मोजूनच सांगतो" म्हणाले आणि फोन तसाच ठेवून गेले. बराच वेळ मला कावळा आणि मागे कुठेतरी चालू असलेला पंप ऐकू येत होता, मग मोजपट्टी परत आत जातानाचा खर्रकन आवाज आला. "खोलीचं दार तेहतीस. बाथरूमचं सव्वीसला एक सूत कमी, आणि ते आत उघडतं. तुमची खुर्ची किती?" पंचवीस, असे मी सांगितल्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग दार काढूनच ठेवतो, पडदा लावू." अकरा फोनांमध्ये उलट प्रश्न विचारणारे हे एकटेच होते. दुसऱ्या एका ठिकाणी बाथरूमचा दरवाजा ३२ इंचांचा होता, तरी मी ही जागा घेतली. इथे कमोडच्या उजव्या हाताला भिंत होती आणि मी पाठवलेला स्टीलचा दांडा त्यांनी चिऱ्याच्या भिंतीतून आरपार बोल्ट घालून बसवून घेतला. बाजारात रबरी चकतीने भिंतीला चिकटणारे दांडे मिळतात. ते तोल सावरण्यापुरते ठीक आहेत, पण उठताना सगळा भार टाकण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

आम्ही सोबत कमोडवर बसवायचा चार इंचांचा उंचवटा, अंघोळीसाठी रबरी पायांचे स्टूल आणि सुताराकडून करून घेतलेली तीन फूट लांबीची प्लायवूडची फळी घेतली. त्या लांबीत १:१२ च्या हिशेबाने तीनच इंच चढता येतात, म्हणजे ती उंबरठ्यापुरतीच. पण गाडीच्या डिकीत त्याहून मोठी फळी मावत नव्हती. कुंभार्ली घाटातून चिपळूणमार्गे आम्ही दुपारी पोहोचलो.

एक गोष्ट माझ्याकडून विचारायची राहिलीच होती. पलंगाची उंची. जाड गादीमुळे तो २५ इंच झाला होता आणि कडेला बसल्यावर आईचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मालकांनी ती गादी काढून घरातली कापसाची पातळ गादी आणून घातली, तेव्हा काम झाले. समुद्रावर जाताना सुरूच्या बनातल्या कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची लहान चाके रुतली. वाडीतल्या गड्याने खुर्ची उलटी फिरवली आणि मोठी चाके पुढे ठेवून ओढत नेली. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर मात्र ती रस्त्यासारखी चालली. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून बाहेर पडायचे, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सुचले.

निघताना मालकांनी सगळी मापे एका कागदावर लिहून मागितली, म्हणजे पुढच्या कुणाचा फोन आला तर पुन्हा मोजायला नको. मी दार, पलंग, कमोड, दांडा असे लिहीत गेलो. आईने कागद वाचला आणि शेवटी आणखी एक ओळ घालायला लावली: बेसिनवरचा आरसा वीतभर खाली घ्यावा. तीन दिवस तिला त्यात फक्त स्वतःचा भांग दिसत होता.