दोन जीबीची खोली

आमचं लहानपण लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. म्हणूनच असेल, बाबांचा २००८ सालचा कॉम्प्युटर भंगारात काढायची भाषा सुरू झाली तेव्हा त्याचं दुखणं मला चटकन कळलं. कोअर टू ड्युओ प्रोसेसर अजून ठणठणीत, रॅम, म्हणजे चालू कामं मांडायची जागा, मात्र दोन जीबी. माणूस धडधाकट, जागा अपुरी.

त्यावरच्या विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० लाच सुटला होता. म्हणून लिनक्स, विंडोजच्या जागी बसणारी फुकट प्रणाली. तिचे प्रकार अनेक; त्यातून डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, निवडण्यात मी तीन रविवार घालवले, खरं तर एक पुरला असता. लिनक्स न बसवताच पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, म्हणजे सरळसरळ कांदेपोह्यांचा कार्यक्रम. लुबुंटू नावाच्या प्रकाराचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप सुटसुटीत वाटला. अँटीएक्स हा दुसरा प्रकार तर इतका काटकसरी की आईने पडद्याकडे बघून विचारलं, "बिघडलाय का?" शेवटी लिनक्स मिंटचा एक्सएफसीई ठरला, तोही तांत्रिक कारणाने नाही. मेन्यूचं बटण डाव्या कोपऱ्यात खाली, आईच्या सवयीच्या जागी होतं.

सुरू झाल्यावर सगळं मिळून निम्मीअधिक खोली मोकळी. मी खूश. मग आईने ब्राउझर उघडला.

डेस्कटॉपवर चार-दोनशे एमबी वाचवायला मी रात्री जागवल्या आणि पेपरच्या एका बातमीने ते एका झटक्यात खाल्ले. बातमी दहा ओळींची, बाकी वऱ्हाड जाहिरातींचं. जागा संपली की लिनक्स नको असलेलं सामान स्वॅपमध्ये, म्हणजे हार्ड डिस्कवरच्या पोटमाळ्यावर टाकतो. पोटमाळ्यावरून काही काढायचं म्हणजे काय, हे चाळीतल्या माणसाला सांगायला नको. शिडी लावा, धूळ झटका, तोवर खाली सगळे खोळंबलेले. कर्सर गोठतो आणि डिस्क घुरघुरत बसते. त्यावर झेडरॅम नावाची सोय सापडली. ती सामान माळ्यावर न टाकता दाबून, वळकटी करून रॅममध्येच कोपऱ्यात ठेवते. सोडवायला थोडे कष्ट, पण शिडी नाही.

हलके ब्राउझरही शोधले. डिलो खरोखर पिसासारखा, पण वेबपानं हलतीबोलती करणारी जावास्क्रिप्ट त्याला कळतच नाही, त्यामुळे बँकेच्या दारातच अडकतो. फॉकन दिसायला सडपातळ, पोटात इंजिन मात्र क्रोमच्या मुळाशी असलेल्या क्रोमियमचंच. जड आहे ते वेबपान, त्याला ब्राउझर तरी काय करणार? मुकाट्याने फायरफॉक्सकडे परतलो आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बसवलं. वऱ्हाड दाराबाहेर राहिलं, तेवढ्याने जो फरक पडला तो माझ्या तीन रविवारांनी पडला नव्हता. यूट्यूबवरचं कीर्तन अडखळायचं, कारण ते व्हीपी९ या व्हिडिओ दाबून पाठवायच्या पद्धतीत यायचं आणि ते उलगडताना जुन्या प्रोसेसरला धाप लागायची. एका छोट्या एक्स्टेंशनने ते एच.२६४ या जुन्या पद्धतीत मागवलं, तेव्हा बुवा सलग बोलू लागले. (प्रोसेसर ६४-बिटी, म्हणजे नव्या घडणीचा, निघाला हे नशीब. ३२-बिटी लिनक्ससाठी क्रोम २०१६ मध्येच बंद झाला आणि फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये १४४ व्या आवृत्तीनंतर हात टेकले.)

तरी जागा ती जागाच. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, जाऊन डीडीआर-टू ही जुन्या पिढीची रॅम मागितली तर दुकानदार गालातल्या गालात हसला. पण खणातून दोन काड्या काढून दिल्या, जुन्याच. खोली चार जीबीची झाली.

मग मी आईला नियम घालून दिला. "एका वेळी चार टॅब, त्याच्यापुढे नाही."

आईने चष्मा वर केला. "अरे, त्या खोलीत आपण नऊ जण राहिलो. शिवाय गणपतीत गावचे पाहुणे. आणि तू मला चारांचं सांगतोस?"

आणि तिने पाचवा उघडला.