गाडी पुरून ठेवली तर काय होतं

जून २००७ मधली गोष्ट. आमच्या नागपूरच्या घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं आणि मी बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवून अमेरिकेतल्या एका गाडीचे फोटो दाखवत होते. ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे, तिथे १९५७ साली राज्याला ५० वर्षं झाली म्हणून लोकांनी एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर कोर्टाच्या आवारातल्या हिरवळीखाली काँक्रीटच्या तळघरात पुरली होती. ५० वर्षांनी काढायची, म्हणजे नातवंडांना कळेल की आजी-आजोबा कसल्या गाड्यांत फिरायचे. सोबत पेट्रोलचे डबे आणि इंजिन ऑईलसुद्धा ठेवलं, काऊन तर २००७ पर्यंत जगात पेट्रोल शिल्लक राहील की नाही याची त्यांना खात्री नव्हती. आणि स्पर्धा लावली, २००७ मध्ये टल्साची लोकसंख्या किती असेल ते सांगा, ज्याचा आकडा सगळ्यात जवळ त्याला गाडी.

बाबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

मग मी पुढचा फोटो उघडला. अणुबॉम्ब पडला तरी टिकेल असं सांगून बांधलेलं ते तळघर उघडलं तर आत चार-एक फूट पाणी. गाडीला गंज लागू नये म्हणून लेप लावला होता, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं होतं, ते सगळं चिंध्या होऊन लोंबत होतं. हॉलमध्ये हजारो लोक बघायला जमलेले आणि समोर आली ती पूर्ण मातकट, तपकिरी, चिखलाची असावी अशी गाडी. ज्याचा आकडा सगळ्यात जवळचा निघाला (त्याने ३,८४,७४३ लिहिलं होतं, खरी लोकसंख्या ३,८२,४५७) तो माणूस १९७९ मध्येच वारला होता, गाडी त्याच्या म्हाताऱ्या बहिणींना मिळाली.

बाबा बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "बाई, चालवली असती तर आजही चालली असती."

तेव्हा आमची फियाट बाहेर पोर्चमध्ये उभी होती, १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. त्याच वर्षी कंपनीने पद्मिनी हे नाव दिलं, पण आमच्याकडे तिला कुणी पद्मिनी म्हटलेलं मला आठवत नाही, फियाटच. बाबांनी सेकंड हँड घेतली ती माझ्या जन्माच्या आधी. १०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगच्या खांबाला गिअर, समोरची सीट सलग सोफ्यासारखी त्यामुळे पुढे तिघं बसायचे आणि मधल्या जागेवरून माझी आणि दादाची दर रविवारी भांडणं. रामटेकला आम्ही तिच्यातूनच गेलो, सेवाग्रामला गेलो, आजीला मेडिकलला ॲडमिट करायला रात्री दोन वाजता तिच्यातूनच नेलं. बाबा एक वही ठेवायचे, तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, आणि शेवटच्या रकान्यात एखादा शब्द, 'प्लग साफ', 'रामटेक', 'पाऊस'.

२०१२ च्या फेब्रुवारीत बाबा गेले.

आणि बाबांचं ते वाक्य माहीत असून मी नेमकं तेच केलं जे टल्सावाल्यांनी केलं. गाडी विकायची नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही, बाबांनी शेवटची पार्क केली तशीच राहू द्यायची, असं मी ठरवलं. सीटवर त्यांचा टॉवेल होता तो पण तसाच. आधी चादर, मग जाड प्लॅस्टिक, त्यावर निळी ताडपत्री आणि खालून दोरीने घट्ट आवळून बांधली. बांधताना मला खरंच वाटलं होतं की मी ही गाडी वाचवून राहिली आहे. सहा वर्षं ती तशी उभी होती.

आता इथे नागपूरचा मुद्दा येतो आणि हा मला फार उशिरा कळला. खरं म्हणजे आपलं हवामान जुन्या गाडीसाठी अर्धं वर्ष तरी चांगलं आहे. गंजाला लोखंडासोबत पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि हवेतला ओलावा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की गंजायचा वेग एकदम वाढतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, म्हणजे पत्र्याला त्या दोन महिन्यांत काही व्हायचं कारणच नाही. मुंबईच्या समुद्राजवळची फियाट आणि नागपूरची फियाट शेजारी ठेवून बघा, दरवाज्यांच्या खालच्या कडेवरून लगेच ओळखता येतं.

पण आपण त्या कोरड्या दोन महिन्यांत काय लावतो? कूलर.

आमचा हॉलचा कूलर खिडकीला बाहेरून, पोर्चमध्ये, स्टँडवर. रोज दोनदा टाकी भरायची, वाळ्याच्या ताट्या ओल्या, आणि पंपाची नळी थोडी गळायची ते पाणी पोर्चच्या उताराने जाऊन बरोबर गाडीच्या उजव्या मागच्या चाकापाशी थांबायचं. म्हणजे जेव्हा हवा कोरडी होती तेव्हा मी गाडीला कूलरचा ओलावा दिला, मग पावसाळाभर जमिनीतून वर येणारी वाफ ताडपत्रीखाली कोंडली, आणि हिवाळ्यात पहाटे पत्रा गार पडला की तोच ओलावा प्लॅस्टिकच्या आतून थेंब थेंब होऊन परत गाडीवर. बाहेरचं पाणी आत जाऊ नये म्हणून बांधलं आणि आतलं पाणी बाहेर जायची वाट मीच बंद केली. टल्सालाही नेमकं हेच झालं, एकदा आत शिरलेल्या पाण्याला परत जायला रस्ताच नव्हता.

२०१८ च्या दिवाळीला दादा पुण्याहून आला तेव्हा आम्ही दोरी सोडली. वास आधी आला, ओल्या गोणपाटाचा. वरून बघितलं तर रंग फिका पडलेला पण गाडी तशी दिसत होती, मला हायसं वाटलं. मग ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं, त्यांना सगळे चाचा म्हणतात, सत्तरीचे आहेत, आयुष्यभर फियाटच केल्या. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, खिशातून पेचकस काढला आणि पत्र्यावर ठेवून नुसता अंगठ्याने दाबला. आवाज पण झाला नाही. पेचकस मुठीपर्यंत खाली गेला, आणि त्यांनी तो फिरवून बाहेर काढला तेव्हा भोकातून खालची पोर्चची फरशी दिसली आणि पेचकसाच्या टोकावर पापडाच्या चुऱ्यासारखा लाल भुगा. मॅटच्या खालच्या बाजूला फेल्टचं अस्तर होतं, ते सहा वर्षांनीही ओलं होतं, पिळलं तर पाणी निघेल इतकं.

"बेटा, ऊपर से दुल्हन है, नीचे कुछ नहीं बचा," चाचा म्हणाले. मी तिथेच पायरीवर बसले.

फियाटचं असं आहे की तिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. खालचा पत्रा, दरवाज्याखालच्या पेट्या, छत, सगळं मिळून एक डबा आणि तोच डबा गाडीचा सांगाडा. म्हणजे खालचा पत्रा सडला की नुसती भोकं बुजवून चालत नाही, गाडी मधून वाकू शकते. शिवाय गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे जिथे दोन पत्रे एकावर एक वेल्ड केलेले असतात तिथे आतून फुगून ते वेल्ड सोडवतो. उजवीकडची मागची पेटी, कूलरच्या पाण्याची बाजू, अशीच फुगून उघडली होती, डावी त्या मानाने बरी. आणि उंदरांनी वायरिंग खाल्लेलं, ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं त्यामुळे चाकांतले ब्रेक दाबणारे व्हील सिलेंडर जाम, टाकीतल्या पेट्रोलचा वार्निशसारखा चिकट थर होऊन कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, बंद. इंजिन तेवढं वाचलं.

काम चौदा महिने चाललं. खर्चाचा आकडा लिहीत नाही, पण त्या पैशात चांगली सेकंड हँड गाडी आली असती आणि माझ्या घरच्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही हे मला इथे नोंदवायचंय. मधे एका गॅरेजवाल्याने खालून डांबर आणि वरून पुट्टी मारून "नवी करून देतो" सांगितलं होतं, तिथे दोन महिने वाया गेले, सडक्या पत्र्यावर पुट्टी म्हणजे गंजाला पांघरूण. चाचांनी ते सगळं खरवडून काढलं, सडलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापला, नवीन पत्रा घडवून वेल्ड केला आणि पेट्यांच्या आत मेण मिसळलेलं तेल फवारलं. बाबांच्या सीटचं कापड मी बदलू दिलं नाही.

या काळात मी टल्साबद्दल परत खूप वाचलं. त्या गाडीवर न्यू जर्सीच्या एका माणसाने कित्येक महिने गंज काढायचं काम केलं, रंग आणि क्रोम बऱ्यापैकी वर आलं, पण पत्रा इतका पातळ झाला होता की चालवायचा प्रश्नच नव्हता. आता ती इलिनॉयच्या एका संग्रहालयात आहे. पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती दुसरी गोष्ट. त्याच तळघरात, त्याच पाण्यात, गाडीशेजारी एक स्टीलची टाकी होती, सगळीकडून वेल्ड करून बंद केलेली. तिच्यातली कागदपत्रं आणि झेंडा चांगल्या अवस्थेत निघाले! म्हणजे जपायचं असेल तर वस्तू आणि जागा दोन्ही बघावे लागतात. कागद बंद डब्यात टिकतो. गाडीत रबर आहे, तेल आहे, फिरणारे भाग आहेत, तिला पुरून ठेवणं म्हणजे जित्या माणसाला झोपवून ठेवणं. टल्सावाल्यांनी १९९८ मध्ये परत एक गाडी ठेवली, प्लिमथ प्राऊलर, २०४८ ला उघडायची, पण यावेळी जमिनीच्या वर बांधून. शहाणपण आलं म्हणायचं, तरी मला त्या गाडीची काळजी वाटते.

आणि आपल्याकडे, नागपुरात, कुणी असलं करायचं मनात आणलं तर मी हात जोडून सांगेन की नका करू. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशी तडकते की भेगेत हात जातो, घरांच्या भिंती तडकवते ती, काँक्रीटच्या पेटीला कशी सोडेल. दिल्लीत लाल किल्ल्याच्या आवारात १९७३ ला कालपत्र, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी लिहिलेला देशाचा इतिहास, पुरलं होतं ते सरकार बदलल्यावर १९७७ ला उकरून काढलं, म्हणजे जमिनीखालच्या वस्तूचं पुढे काय होणार हे पुरणाऱ्याच्या हातात राहतच नाही.

आता मी काय करते ते सांगते, कारण मला बरेच जण विचारतात. प्लॅस्टिक पूर्ण बंद, फक्त सुती कव्हर, तेही धूळ बसू नये म्हणून. कूलर मागच्या खिडकीला हलवला. पावसाळ्यात मॅट काढून ठेवते. आणि दर रविवारी चालवते, पोर्चमध्ये पाच मिनिटं सुरू करून बंद करणं नाही, त्याने उलट नुकसान होतं, पेट्रोल जळताना वाफ तयार होते ती गार सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते आणि आतून सडवते. गाडी पूर्ण तापली पाहिजे, निदान अर्धा-पाऊण तास. सकाळी सहाला लक्ष्मीनगरातून निघायचं, शंकरनगर, सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, फुटाळा तलावाला थांबून गाडीचं पाणी-बिणी बघायचं, येताना तर्री पोहे. चढावर इंजिनचा आवाज बदलला की मला बाबांचा हात गिअरवर दिसतो.

२०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम आणले, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं. आमची २०२४ ला त्यात बसली. आपल्याच शहराचे नितीन गडकरी त्या खात्याचे मंत्री होते आणि जुन्या गाड्यांची सरकारदरबारी दखल घेतली गेली याचा मला आनंद आहे, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. मग माझा रविवार? म्हणून मी अर्ज केलेला नाही, साधी नोंदणीच पुढे चालू ठेवली. जमेल तोवर.

बाबांची वही मात्र मी स्टीलच्या डब्यात ठेवली आहे, घट्ट झाकणाच्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. रविवारी परत आलं की काढते आणि लिहून परत ठेवते. बाबांची शेवटची नोंद २२ जानेवारी २०१२ ची आहे, '११ लि., फुटाळा'. त्याच्या खालच्या ओळीवर माझी पहिली, १९ जानेवारी २०२० ची. मधे जागा सोडली नाही.

मागच्या काचेचा रबर अजून मनासारखा मिळालेला नाही, चाचांनी इतवारीत दोघांना सांगून ठेवलंय. मृग लागायच्या आत बसायला हवा.