किक-ऑफ कोणाचा?

रग्बीचा रेफरी आहे म्हटलं की गोव्यात दोन प्रश्न ठरलेले. 'ते हेल्मेट घालून खेळतात ते?' आणि 'पैसे किती देतात?' पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं, डिचोलीहून जाऊन-येऊन पेट्रोल सुटतं, वर चहा आणि मिरची भजी. इंग्लंड-फ्रान्सकडे हा पगारी पेशा आहे. १९९५ साली रग्बी युनियनने खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला परवानगी दिली, मग यथावकाश रेफरीही पगारी झाले. माझा पगार शाळेचा, पीटी शिक्षकाचा. शिट्टी फक्त रविवारची.

त्या रविवारी सेव्हन्सची एक निमंत्रितांची स्पर्धा होती, बार्देशातल्या एका गावात. सप्टेंबर संपत आलेला. मैदान अर्थातच फुटबॉलचं, एका कडेला चिऱ्यांचा गडगा आणि त्यावर बसलेलं अर्धं गाव. रग्बीचे खांब इंग्रजी एचसारखे असतात, ते आणायचे कुठून? म्हणून फुटबॉलच्या गोलखांबांना काथ्याने बांबू बांधून वर वाढवलेले. दुरून छान दिसत होते. पण रग्बीची आडवी दांडी जमिनीपासून ३ मीटरवर असते आणि दोन खांबांत अंतर ५.६ मीटर. फुटबॉलचा गोल २.४४ मीटर उंच आणि ७.३२ मीटर रुंद. म्हणजे ट्रायनंतरची (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय, पाच गुण) दोन गुणांची किक कोणालाही जमावी इतकी सोपी. मी आयोजकांना हे सांगितलं. त्यातला एक हसून म्हणाला, "दोन्ही टीमांना सारखंच ना सर?" यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

डॉक्टर नव्हता. बर्फाची पेटी होती, स्प्रे होता आणि 'फोन केला की येते' अशी ॲम्ब्युलन्स होती. दुपारी एक सर येऊन गेली आणि चुन्याच्या रेषा तांबड्या चिखलात विरघळल्या. टचलाइन कुठे आहे ते झेंड्यांच्या अंदाजाने धरायचं ठरलं.

सेव्हन्स म्हणजे सात-सात जण, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मैदान मात्र पंधरा जणांचं तेवढंच. त्यामुळे रेफरीची वाट लागते. पंधरांच्या खेळात स्क्रम, म्हणजे दोन्ही टीमांचे गडी वाकून एकमेकांना भिडतात तो, लागला की दम खायला मिळतो. इथे तीन-तीन जणांचा स्क्रम, 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणून होईतो बॉल बाहेर, आणि कोणीतरी साठ मीटर पळत सुटलेला. तुम्ही त्याच्या मागे, तोंडाने बोलत. बोलत, हे महत्त्वाचं. मी आधी सहा वर्षं फुटबॉलला शिट्टी वाजवली. तिथे रेफरी शिट्टी मारतो, मग बोलतो. रग्बीत आधी बोलतो. 'टॅकलर, रिलीज.' 'रोल अवे.' 'रक झाला, हात नको.' 'यूज इट.' पोरांनी ऐकलं तर खेळ चालू राहतो आणि शिट्टी खिशात राहते. चांगल्या रेफरीची शिट्टी कमी वाजते, हे फुटबॉलवाल्या मित्रांना मी कितीदा समजावलं असेल. त्यांना वाटतं मी मैदानात कॉमेंट्री करतो.

आणखी एक सुख म्हणजे, रग्बीत रेफरीशी फक्त कॅप्टन बोलतो, तोही 'सर' म्हणून. फुटबॉलला अकरा जण अंगावर यायचे, शिवाय गडग्यावरचे. गडग्यावरचे इथेही तेच आहेत म्हणा.

उपांत्य सामना माझ्याकडे होता. एका बाजूला कॉलेजची तयार टीम. दुसरीकडे एका क्लबची पोरं, त्यातली निम्मी मूळची फुटबॉलवाली, आठ-दहा महिन्यांपूर्वी रग्बीत आलेली. त्यांचे दोन खेळाडू त्याच दुपारी फुटबॉलची मॅच आहे म्हणून आले नव्हते. एकाचा घोटा सकाळीच मुरगळलेला. बेंचवर उरला एक, बारकासा, बहुधा बॅगा सांभाळायला आलेला.

त्यांचा सहा नंबर पेडण्याचा, सतरा-अठरा वर्षांचा. चिवट. माझ्या आवडीचा प्रकार, म्हणजे पडला तर तक्रार न करता उठणारा. सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला त्याचा राग होता असं कोणी म्हणू नये.

दुसऱ्या हाफमध्ये पाच मिनिटं होत आली होती. कॉलेजवाले १०-५ पुढे. त्यांचा विंगर उजवीकडून सुटला, सहा नंबरने त्याला आडवा घेतला. टॅकल खाली होता, नियमात होता, पण त्याचं डोकं चुकीच्या बाजूला गेलं. टॅकल करताना डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं असतं. पुढे गेलं की पळणाऱ्याचं कंबरेचं हाड किंवा गुडघा थेट कपाळावर येतो. हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. फुटबॉलहून आलेल्यांना ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

लागलं का? मी मागून येत होतो. डोकं पुढे गेलेलं मला दिसलं. डोक्याला कंबर लागलेली दिसली नाही. आवाज ऐकला, तो खांद्याचाही असू शकतो. त्या बाजूचा असिस्टंट रेफरी पंधरा पावलांवर उभा होता, त्याला दिसायला हवं होतं. तो त्या वेळी मोबाइलवर दुसऱ्या मैदानावरच्या फुटबॉलचा स्कोअर बघत होता, हे मला संध्याकाळी त्यानेच सांगितलं, प्रामाणिकपणे. प्रामाणिकपणाचं काय करायचं असतं अशा वेळी?

बॉल सुटला, क्लबच्या पोराने उचलला आणि पार टोकापर्यंत पळत जाऊन ट्राय केला. सहा नंबर एक गुडघा टेकून तीन-चार सेकंद तसाच राहिला, मग उठला आणि चालत मागे आला. किक बांबूंमधून गेली. १२-१०. दीड मिनिट बाकी. गडग्यावर नाच चाललेला.

आता यात एक बारकावा आहे. फुटबॉलमध्ये ज्याने गोल खाल्ला तो पुन्हा खेळ सुरू करतो. पंधरांच्या रग्बीतही तसंच, गुण खाल्लेला किक मारतो. फक्त सेव्हन्समध्ये उलटं आहे. ज्याने गुण केले त्यानेच किक-ऑफ मारायचा. क्लबची पोरं मध्यरेषेवर बॉलमागे ओळीने उभी राहिली. सहा नंबर एकटा आपल्या हाफमध्ये खोल गेला, बावीस मीटरच्या रेषेजवळ, आणि तोंड वर करून, हात पसरून, बॉल झेलायच्या पवित्र्यात उभा राहिला. त्याची पोरं ओरडली. तो हलला नाही.

मी घड्याळ थांबवलं.

जवळ गेलो. "कितें रे, दुखता?"

"ना सर. बरो आसां."

डोळ्यांत बघितलं, ठीक वाटले. ठीक म्हणजे काय ते मला विचारू नका. मग डोक्याला मार बसल्याची शंका आली की विचारायचे आमचे पाच प्रश्न, जे जगभर विचारतात. आज कुठल्या मैदानावर आहोत? बरोबर. कुठला हाफ? बरोबर. शेवटचे गुण कोणी केले? "आमी." बरोबर. याआधी कोणाशी खेळलात? त्याने शेजारच्या गावच्या एका क्लबचं नाव सांगितलं. तो क्लब या स्पर्धेत नव्हताच. सकाळी ही पोरं दुसऱ्याच टीमशी खेळून आली होती.

त्याच्या कॅप्टनला बोलावलं आणि सांगितलं, सहा नंबर बाहेर, आज परत नाही.

नियम साधा आहे. डॉक्टर असो वा नसो, खेळाडू खेळायच्या अवस्थेत नाही असं रेफरीला वाटलं तर तो त्याला बाहेर काढू शकतो. आणि कन्कशनचा, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू लगेच आणि कायमचा बाहेर. पुरावा नको, संशय पुरे. कारण डोक्याला एकदा मार लागल्यावर लगेच दुसरा बसला तर ते जिवावर बेतू शकतं. मोठ्या स्पर्धांत डॉक्टर बारा मिनिटं आत नेऊन तपासतो, २०२४पासून तर दातांवरच्या गार्डमध्ये धक्का मोजणारं यंत्र असतं. आमच्याकडे मी होतो.

तो बारकासा पोरगा आत आला. शेवटच्या मिनिटात कॉलेजवाल्यांनी नेमकी त्याचीच बाजू शोधली. १५-१२. उपांत्य सामना संपला.

कोच टचलाइनवर माझी वाट बघत होता. ओळखीचा माणूस आहे, घरी येऊन जेवलेला. "त्याला काहीही झालेलं नाही. पोराला विचारा तरी," म्हणाला. सहा नंबर मागे उभा, रडून झालेला. कोच पुढे म्हणाला, "तो म्हणतो, फुटबॉलात ज्यांनी गोल खाल्ला तेच मारतात ना? सवयीने गेला मागे. आणि गेल्या रविवारी तो खरंच त्या क्लबशी खेळलाय. फुटबॉल!"

माझ्या पोटात गोळा आला तो तिथे. कारण मी त्याला नक्की काय विचारलं? 'याआधी' म्हणालो की 'फाटल्या आयतारा', म्हणजे गेल्या रविवारी? आमचे प्रश्न मूळ इंग्रजीत, मी ते मनात मराठी करतो आणि तोंडाने कोंकणीत विचारतो. मूळ प्रश्नात 'गेला आठवडा' असाही एक प्रकार आहे. मी 'आयतारा' म्हटलं असेल तर त्याचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.

आणि दुसरं, ते मी अजून कोचला सांगितलेलं नाही. माझा स्वतःचा सेव्हन्सचा पहिला सामना, ट्राय झाला आणि मी हात करून किक-ऑफ चुकीच्या टीमला दिला. फुटबॉलच्या सहा वर्षांची सवय. कॅप्टन अदबीने जवळ येऊन म्हणाला, "सर, आमचा." हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे. त्या दीड मिनिटात ते मला एकदाही आठवलं नाही.

मैदानाबाहेर गाडी काढताना एक माणूस स्कूटरजवळ आला. मुलाचे वडील. चेहरा पडलेला. हळूच विचारलं, "सर, कोणाक मारलें ताणें?" मला आधी कळेना. मग लक्षात आलं, फुटबॉलात रेफरीने बाहेर काढला म्हणजे लाल कार्ड, म्हणजे काहीतरी लाजिरवाणं. गडग्यावर बसलेल्या सगळ्या गावाने तेच समजून घेतलं होतं. मी त्यांना समजावलं, की मारलं नाही, शिक्षा नाही, काळजी म्हणून काढला, रात्री उलटी झाली, डोकं दुखलं तर लगेच हॉस्पिटलात न्या. ते मान हलवत राहिले. 'काळजी म्हणून' हे गावात कितपत पोचलं असेल, शंकाच आहे.

रात्री झोप लागली नाही, तेव्हा वेन बार्न्सची आठवण काढली. व्यवसायाने बॅरिस्टर, आणि १११ कसोटी सामन्यांचा रेफरी. २८ ऑक्टोबर २०२३ ला पॅरिसमध्ये विश्वचषकाची फायनल त्याच्याकडे होती. इकडे गोव्यात तेव्हा राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा चालू होत्या, आणि आपल्याकडे सामना मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला. मी बसून बघितला. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन याच्या टॅकलमध्ये समोरच्या खेळाडूच्या डोक्याला थेट धक्का बसला. बार्न्सने पिवळं कार्ड दिलं आणि पुढचं ठरवायला वेगळ्या खोलीत बसलेला पंच होता, त्याच्याकडे आठ मिनिटं आणि हवे तितके कॅमेरे. त्यांनी ते लाल केलं. न्यूझीलंड ११-१२ हरलं. इतकी सगळी यंत्रणा असून शिव्या आल्याच, त्याला आणि व्हिडिओ रेफरीलाही. माझ्यावर कोणी इंटरनेटवर लिहिलं नाही, हे बरंच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी कोचने व्हॉट्सॲपवर सीटी स्कॅनच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. नॉर्मल. खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. आता सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, पण कन्कशन दिसत नाही. नॉर्मल सीटी असूनही कन्कशन असू शकतं. हे मी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी 'त्याला आराम करू द्या' एवढंच पाठवलं. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही.

मग मी शोध घ्यायला लागलो. क्लबने पहिल्या हाफमध्येही एक ट्राय केला होता. त्या वेळी सहा नंबर कुठे उभा राहिला? मध्यरेषेवर राहिला असेल तर त्याला नियम माहीत होता, म्हणजे नंतरची गडबड डोक्याची. तेव्हाही मागेच गेला असेल तर सवयच. मला काही केल्या आठवेना. रेफरीने प्रत्येकाची जागा बघायची असते, आणि मला त्याची ती जागा आठवत नाही. असिस्टंटला विचारलं. "खरं सांगू? बघितलं नाही रे." सकाळच्या सामन्याच्या रेफरीला फोन केला, त्याला सहा नंबर कोण हेच लक्षात नव्हतं. गावातल्या एकाच्या मोबाइलवर पहिल्या ट्रायची चाळीस सेकंदांची क्लिप सापडली. ट्राय होतो आणि कॅमेरा वळतो गडग्यावर नाचणाऱ्यांकडे. एक माणूस डोक्यावर खुर्ची घेऊन नाचतोय. क्लिप संपते.

अहवालात 'बाहेर काढण्याचं कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'कन्कशनचा संशय. किक-ऑफच्या वेळी चुकीच्या जागी उभा.' ते मी बदललेलं नाही.

दिवाळीनंतर एका रविवारी पेडण्याला बहिणीकडे गेलो होतो. मैदानाजवळून जाताना फुटबॉल चालू दिसला, आणि त्यात तो दिसला. रग्बी सोडलीन म्हणे. स्कूटर लावून गडग्याला टेकून उभा राहिलो. त्याच्या टीमने गोल केला. तो सावकाश चालत आपल्या हाफमध्ये जाऊन उभा राहिला आणि बॉल समोरच्यांनी मारला, जसा मारायचा असतो.

थोड्या वेळाने कॉर्नरवरून एक उंच बॉल थेट त्याच्याकडे आला, डोक्याने मारायला सोपा. त्याने एक पाऊल मागे घेतलं आणि तो छातीवर घेतला. तो नेहमीच तसा घेतो का, हे विचारायला शेजारी ओळखीचं कोणी नव्हतं.