दोन पातेल्यांची बॅग

चार फुटी पंचिंग बॅग मागवली होती. मेरठहून पार्सल आलं ते चादरीच्या घडीएवढं. आत काळ्या रेक्झीनची लांबोडकी पिशवी, तोंडाला चेन आणि चार साखळ्या. "फुगवायची असते का रे?" आईने विचारलं. जाहिरातीच्या तळाशी 'अनफिल्ड' असा एक शब्द होता. किंमत बघण्याच्या नादात तो माझ्याकडून सुटला होता. दोन दिवस स्वस्त पडली म्हणून खूश होतो, ते का स्वस्त पडली हे आता कळलं.

हौस मुळात लेकीची. तिचा जन्म २०१२चा. महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि लंडनला मेरी कोमने कांस्य मिळवलं, ते साल. हा योगायोग ती घरातल्या कुठल्याही वादात पुरावा म्हणून काढते. तिच्या क्लासचे सर म्हणतात, बॅग मारणाऱ्याच्या वजनाच्या साधारण निम्मी असावी. हलकी असेल तर ठोसा बसताच पळते आणि परत येऊन आपल्यालाच धडकते. फारच जड असेल तर जागची हलत नाही, सगळा मार मनगटावर येतो. लेक ४४ किलो, मी ७८. मग निम्मं कोणाचं धरायचं? २२ की ३९? शेवटी तिशीच्या आसपास तह झाला.

भरायला माझ्या डोक्यात वाळू होती. समोरच बांधकाम चालू आहे, फुकट मिळाली असती. सरांनी हात जोडले. वाळू हळूहळू खाली बसते, तळाचा दगड होतो आणि मुठीची हाडं त्यावर आपटतात. चिंध्याच भरा, म्हणाले, आणि बटणं, चेन, हूक काहीही आत जाऊ देऊ नका.

इथून बॅग आईच्या ताब्यात गेली. तीन दुपारी ती कात्री घेऊन बसली. माझे ऑफिसचे विटलेले शर्ट, लेकीचे आखूड झालेले गणवेश, फाटक्या चादरी, जीन्स. बाबांचा राखाडी सफारी हातात आला तेव्हा जरा वेळ कात्री थांबली. मग "बटणं चांगली आहेत," म्हणत तिने ती एकेक उसवून डब्यात टाकली आणि कापड माझ्याकडे सरकवलं. भरण्याची पद्धतही तिचीच. आयुष्यभर गोधड्या शिवलेल्या बाईला कापडाच्या थरांचं कोणी काय शिकवणार! जाड जीन्स मधोमध, मऊ सुती कडेने, आणि प्रत्येक थरावर लाटण्याने ठासायचं. वजन करायला रद्दीवाल्याचा काटा आणला. पहिल्यांदा २६ भरलं. शेजारच्या टेलरकडून कातरणांचं एक पोतं आणलं, तेव्हा ३१. घरातून नेण्याऐवजी घरात आणून कपडे मोजायची रद्दीवाल्याची ही पहिलीच वेळ असावी.

आता टांगायची कुठे? पंख्याचा हूक मिस्त्रीने बघूनच नाकारला. पंखा जागच्या जागी फिरतो, बॅग मात्र प्रत्येक ठोशाला हूक खेचते. उरल्या हॉलमधल्या झोपाळ्याच्या कड्या, स्लॅब टाकतानाच सळईला अडकवलेल्या. दोन धडधाकट माणसांना झुलवणाऱ्या कडीला ३१ किलोंचं काय! पण झोपाळा आईचा. त्यावर बसूनच तिची दुपारची पोथी होते. त्यामुळे सकाळी बॅग, दुपारी झोपाळा, असं ठरलं. ही बॅग रोज चढवायची आणि उतरवायची मी. लेक ठोसे मारते तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांनी, मध्ये मिनिटभर विश्रांती. माझा व्यायाम तिच्या आधी आणि नंतर होतो, मध्ये दमून बसतो. खालच्या काकूंना सकाळची झोप प्रिय, म्हणून साडेसातच्या आत हात लावायचा नाही, हे कलम नंतर वाढलं.

ठोशाआधी हाताला पट्टी बांधायची असते. एका हाताची १८० इंच, म्हणजे बरोबर पाच वार. दोन्ही हातांची मिळून दहा. "माझ्या आईच्या लुगड्याहून वारभर जास्त," आई म्हणाली. आणि खरंच, बोटांमधून, मनगटाभोवती पट्टी घेताना लेकीचं तोंड नऊवारी नेसणाऱ्या बाईसारखं गंभीर होतं.

महिन्याभरात चिंध्या दबल्या. बॅगचं वरचं वीतभर तोंड मोकळं पडलं आणि त्यात भर घालायला आणखी कपडे हवे झाले. नेमकी त्याच दुपारी बोहारीण खाली ओरडत आली. आई गॅलरीत गेली, जरा वाकून बघितलं आणि रिकाम्या हाताने परत आली. कोपऱ्यात उतरवून ठेवलेल्या बॅगकडे बघत म्हणाली, "एक झाकणाचं पातेलं आणि एक परात गेली यात. पातेली दोनही आली असती, मी घासाघीस केली असती तर."

मग कपाट उघडून माझा चांगला, दोनदाच घातलेला निळा शर्ट काढला आणि बटणं उसवायला बसली.