बाली नको, लासेमला जा (पण बीचसाठी नाही)

इंडोनेशियातल्या लासेममध्ये बीच बघायला जाऊ नका, हे आधीच सांगून ठेवते. समुद्र आहे, जावा समुद्रच आहे समोर, पण हा उत्तर किनारा म्हणजे पाणी उथळ आणि गढूळ, कडेला खारफुटी, मधेमधे मिठागरं, आणि बोनांगच्या बाजूला गेलात की हवेला आंबवलेल्या जवळ्याचा वास, कारण तिथे तेरासी बनते, जी जावाच्या अर्ध्याअधिक चटण्यांमध्ये पडते. माझ्याबरोबर आई होती, तिला तो वास आल्याआल्या एकदम बरं वाटलं. आमच्या गिरगावच्या बिल्डिंगमध्ये हल्ली कोणी सुके बोंबील भाजले की व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, इथे कोणाला कशाचं काही नाही.

लासेम म्हणजे जावा बेटावरचं गाव, मध्य जावात, रेम्बांग जिल्ह्यात. मुंबईहून जकार्ता, तिथून ट्रेनने सेमारांग, आणि मग सुराबायाच्या दिशेची बस पकडायची, ती दमाक, कुदुस, पाती, रेम्बांग करत साधारण 120 किलोमीटरवर लासेमला सोडते. रस्ता म्हणजे आपला मुंबई-अहमदाबाद हायवे समजा, ट्रकच ट्रक आणि त्यांच्यामधून बसवाला जीव खाऊन चाललाय. पण रस्ता साधासुधा नाही. डान्डल्स नावाचा डच गव्हर्नर-जनरल 1808 मध्ये आला आणि त्याने पश्चिमेच्या अन्येरपासून पूर्वेच्या पानारुकानपर्यंत हजारेक किलोमीटरचा टपाल रस्ता लोकांना वेठीला धरून करून घेतला, त्यात माणसं मेली, आणि लासेमच्या बातिकमध्ये, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या कापडात, एक नक्षी आहे, 'वातू पचाह', म्हणजे फुटलेले दगड, ती त्या खडी फोडण्याची आठवण आहे असं तिथले लोक सांगतात. कापडभर बारीक बारीक दगडांचे तुकडे. दिसायला सुंदर दिसते, आणि गोष्ट कळल्यावर जरा विचित्र वाटतं ते अंगावर घ्यायला.

गावात शिरल्यावर पहिला अर्धा तास तुम्हाला काहीच दिसणार नाही. मोठ्या रस्त्यावर मशीद, बाजार, मोबाईलची दुकानं, संपलं. आत गल्ल्यांमध्ये वळलं की दोन्ही बाजूंनी उंच पांढऱ्या, पोपडे आलेल्या भिंती आणि त्यात लाकडी दरवाजे, त्यांच्यावर चिनी अक्षरं. घर भिंतीच्या आत, अंगण आत, विहीर आत, सगळं आत. दार ठोठावायला लागतं. मला असं कोणाच्या दारावर थाप मारायला प्रचंड अवघड जातं, आईला अजिबात नाही, ती मराठीतच "आहे का कोणी?" करून मोकळी. आणि दार उघडायचं! आतून एखादी म्हातारी बाई यायची, आईला 'इबू', म्हणजे आईच, म्हणून आत घ्यायची आणि मग पुढचा तास फोनवरच्या ट्रान्सलेटरच्या भरवशावर.

या घरांमधले चिनी लोक इथे शतकानुशतकं आहेत. 1740 मध्ये बाताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, हजारो चिनी लोकांची कत्तल झाली आणि तिथून पळालेले बरेच जण लासेमला आले. मग डच ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध जी लढाई झाली त्यात इथले चिनी आणि जावानीज एकत्र लढले. बाबागान भागात गी योंग बिओ नावाचं चिनी देऊळ आहे, तिथे त्या लढाईतल्या चिनी पुढाऱ्यांबरोबर रादेन पांजी मार्गोनो या जावानीज सरदाराचीही मूर्ती पूजेत आहे, जावानीज पोशाखातली. हे मला भारी वाटलं. दुसरं देऊळ चू आन किओंग, समुद्राच्या देवीचं, नदीजवळ, तिथल्या भिंतींवरची चित्रं नीट बघा. त्याच बाजूला 'लावांग ओम्बो' नावाचं मोठं घर आहे, तिथे अफूचा धंदा चालायचा, आणि जमिनीतलं एक भोक दाखवतात, त्यातून म्हणे माल नदीपर्यंत जायचा. म्हणे.

आता बातिक. खरं तर आई आली होती ती याच्यासाठी, रिटायर झाल्यापासून तिचं सगळं साड्या आणि साड्या चाललंय. वर्कशॉपमध्ये बायका छोट्या स्टोव्हभोवती गोल करून बसलेल्या असतात, मधे कढईत वितळलेलं मेण, हातात 'चांतिंग', म्हणजे लाकडी दांडीला तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला बारीक चोच. मेण भरायचं, चोचीवर फुंकर मारायची आणि कापडावर रेघ ओढायची, जिथे मेण तिथे रंग लागत नाही. मग रंगात बुडवायचं, उकळत्या पाण्यात मेण काढायचं, पुढच्या रंगासाठी परत मेण. एकेका कापडाला महिने जातात. लासेमचा लाल रंग प्रसिद्ध, त्याला तिथे कोंबडीच्या रक्ताचं नाव आहे, आणि तो इथल्या पाण्यामुळेच असा येतो असं प्रत्येक जण ठामपणे सांगतो. पूर्वी हा लाल ज्या झाडाच्या मुळांपासून काढायचे ते म्हणजे आपलं आल, बारतोंडी. आता बहुतेक ठिकाणी तयार रंग वापरतात.

आईने पहिलं कापड हातात घेतलं आणि दादरच्या दुकानात करते तेच केलं, उलटं करून बघितलं. सगळ्या बायका एकदम हसल्या आणि माना डोलवायला लागल्या, कारण तीच तर खरी परीक्षा. हाताने काढलेल्या चांगल्या बातिकला दोन्ही बाजूंनी मेण लावतात, त्यामुळे उलटसुलट नक्षी सारखीच दिसते. मशीनच्या प्रिंटची मागची बाजू फिकट. त्या एका कृतीने आईचा भाव तिथे वाढला, पण कापडाचा भाव काही कमी झाला नाही, आणि होऊही नये, मी तिला घासाघीस करू दिली नाही. साधं हाताचं कापडसुद्धा काही लाख रुपियांना, बारीक कामाचं दशलक्षांत. घाबरू नका, आपल्या एका रुपयाला 180-190 रुपिया असा हिशोब धरा. (बाय द वे, त्यांचा बातिक दिवस 2 ऑक्टोबरला असतो, युनेस्कोने 2009 मध्ये त्या तारखेला बातिकला यादीत घेतलं म्हणून.)

खाणं पटकन सांगते. लोंतोंग तुयुहान, म्हणजे केळीच्या पानात शिजवलेला भाताचा गोळा आणि नारळाच्या दुधातलं झणझणीत चिकन, हे खायलाच हवं. लातोह नावाचं द्राक्षाच्या घोसासारखं दिसणारं समुद्री शेवाळ असतं, ओल्या नारळाबरोबर खातात, दातांखाली फुटतं, मला आवडलं, आईने तोंड वाकडं केलं. रस्त्यावर ताडगोळे मिळतात, आणि ताडाचा गोड रसही. संध्याकाळी कॉफीच्या टपऱ्यांवर पुरुष लोक कॉफीचा बारीक गाळ काडीने सिगारेटवर लावून त्याची नक्षी काढत बसलेले असतात, बातिकसारखीच. कॉफी तुम्ही प्या, बाकीचं नुसतं बघा.

आणि रेम्बांग. लासेमपासून बाराएक किलोमीटर, लोक बसमधून नुसतं बघतात आणि पुढे जातात. तिथे कार्तिनीचं म्युझियम आहे. कार्तिनी म्हणजे तिथे मुलींच्या शिक्षणाचं पहिलं नाव, 21 एप्रिल हा तिचा जन्मदिवस देशभर साजरा होतो. जन्म 1879 चा, जेपाराजवळचा, बाराव्या वर्षी शाळा बंद करून घरात बसवलेली मुलगी, तिथून डच भाषेत मैत्रिणींना पत्रं लिहीत राहिली. 1903 मध्ये रेम्बांगच्या रीजंटशी, म्हणजे जिल्ह्याच्या प्रमुखाशी, लग्न झालं, 1904 च्या सप्टेंबरमध्ये मुलगा झाला आणि चार दिवसांत ती गेली, अवघी 25 वर्षांची. म्युझियम म्हणजे त्या रीजंटचं, तिच्या सासरचं घर.

तर त्या पत्रांमध्ये एका ठिकाणी पंडिता रमाबाई आहेत. आपल्या रमाबाई! कार्तिनी लिहिते की ती दहा-अकरा वर्षांची असताना पेपरात त्यांच्याबद्दल वाचलं आणि ती थरथरली, की म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहणं फक्त गोऱ्या बाईलाच जमतं असं नाही, आपल्यासारख्या सावळ्या बाईलाही जमतं. मला हे आधीच माहीत होतं, आईला नव्हतं. रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढलं ते 1889 मध्ये, गिरगाव चौपाटीजवळ, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं, आणि ते पुढच्याच वर्षी पुण्याला हलवलं. सदन निघालं त्या वर्षी कार्तिनी दहा वर्षांची होती. आई म्हणाली, "अगं, मग इकडे बाईंचा एखादा फोटो तरी लावायला हवा होता." मग थोड्या वेळाने म्हणाली, "चौपाटीवर तरी कुठे काय लावलंय." यावर मला काही बोलता आलं नाही.

राहायला लासेममध्ये जुन्या चिनी घरांमधले होमस्टे घ्या, हॉटेल नको. मे ते ऑक्टोबर कोरडं असतं, तेव्हाच मिठागरं चालू असतात, पण दुपारी बाहेर पडू नका, ऊन भयानक. इंग्रजी फार कोणाला येत नाही, ट्रान्सलेटर आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. आणि सुट्टी कमी पडत असेल तर रेम्बांग कट करू नका, कट करायचंच तर जकार्ता करा.