तुम्ही विचारलंत म्हणून: दोरी इतकी बारीक का?

खाडीत काठी घेऊन गरवणाऱ्याला हटकून विचारतात, तेच तुम्हीही विचारलंत: "इतकी बारीक दोरी कशाला? तुटते, मासा गळ तोंडात घेऊन जातो. जाड लावा ना." एरवी "सवय आहे" म्हणून मी विषय मिटवतो. या वेळी नीट सांगतो.

बारीक दोरी मर्दुमकीसाठी नसते. जिताडा कांदळाच्या मुळांना लागून उभा असतो आणि त्याच्यापुढे टाकायचं ल्यूर, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, असतं 7 ते 10 ग्रॅमचं. एवढंसं वजन 30 पौंडी (30 पौंड ताणाला तुटणारी) दोरी ओढून नेत नाही. काठीच्या कड्यांमध्ये घासून वेग जातो, वाऱ्याने दोरीला पोट येतं, ल्यूर हातभर अलीकडे पडतं. हातभर अलीकडे म्हणजे मासा नाहीच. 10 पौंडी ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, तेच ल्यूर फांदीखालून सपाट आत घालते.

आता तुटण्याचं. दोरी तुटली की सगळे जाडीला दोष देतात. तुटलेलं टोक मात्र कुणी बघत नाही. ते हातात घ्या. लीडरचं, म्हणजे दोरी आणि ल्यूर यांमधल्या जाड तुकड्याचं, टोक स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सरकली. टोक पिंजलेलं असेल, त्याच्या वरची वीतभर दोरी नखाला खरखरीत लागत असेल, तर मुळांवर किंवा कालवांवर घासली. सरळ छाटल्यासारखं असेल तर शिंपल्याची धार, नाहीतर जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण. त्याची कड बोटही कापते. यातलं कुठलंही दुखणं 10 ची 15 पौंडी केल्याने बरं होत नाही.

कापण्या-घासण्यावर उपाय लीडरचा: 30 ते 40 पौंडी फ्लोरोकार्बन, साधारण मीटरभर. ब्रेडला तो एफजी गाठीने जोडायचा. लीडरवर ब्रेडचे 18-20 वेढे, दोरी सतत ताणलेली. मग वेढे ओले करून ब्रेडचा रंग गडद होईपर्यंत आवळायचे. रंग बदलला नाही तर ब्रेड लीडरमध्ये रुतलेली नाही, ती सरकणारच. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने लीडर तिथेच कमजोर होतो. हे घाईत, हलत्या होडीत करू नका, घरून बांधून आणा.

आणि ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक! तो बोटाने ओढून "ठीक आहे" म्हणणारेच दोरीला जास्त शिव्या देतात. 10 पौंड म्हणजे साडेचार किलो. त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण 1.1 ते 1.5 किलो, ताणकाट्यावर मोजून लावा, तेही काठी वाकवून, कड्यांमधून; नुसत्या रीलवर मोजलं तर कड्यांचं घर्षण हिशोबात येत नाही. शिवाय मासा दोरी घेऊन जातो तशी स्पूलवरची, म्हणजे रीलच्या चाकावरची, गुंडाळी लहान होते. 45 मिमीचा व्यास 36 वर आला की ड्रॅगला हात न लावता ताण सव्वापट होतो. नेमकं तेव्हाच लोक ड्रॅग आणखी आवळतात.

"मग बारीक दोरीने मासा दमवून मारता" हा आरोप राहतो. तो मला लागतो, कारण त्यात तथ्य आहे. उन्हाळ्यात खाडीच्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंज लांबली तर सोडलेला मासाही जगेलच असं नाही. काठी उभी धरली की फोटो छान येतो, पण मासा तोंड वळवत नाही. ती आडवी, पाण्यालगत, माशाच्या धावेच्या उलट बाजूला ओढा. त्याने उडी मारली की क्षणभर ताण सोडा. जाड तारेचा गळ नको. एवढ्या ताणावर तो जबड्यात रुतत नाही.

पूर्वी मी छातीठोकपणे म्हणायचो की खाडीत 10 पौंडीच. आता म्हणत नाही. उधाणाच्या भरतीला पाणी मुळांच्या आत शिरतं, मासाही आत जातो, आणि ल्यूर घेतल्यावर त्याला मुळाशी पोचायला दोन सेकंदही लागत नाहीत. दीड किलोच्या ड्रॅगने तो थांबत नाही, स्पूल दाबून धरलं तर गाठीवर येतं. तिथे 20 पौंडी लावा, तुमचं बरोबर. पण मग ल्यूरही 15-20 ग्रॅमचं लागतं, ते धपकन पडतं आणि उथळ पाण्यातला मासा आवाजानेच पळतो. हे कोडं मला सुटलेलं नाही. तुम्हाला सुटलं असेल तर सांगा, फक्त "जाड लावा" एवढंच म्हणू नका.